बेडूकडोळ्या गाडीची पोथी

एडन हे नाव मराठी माणसाने प्रथम ऐकलेले असते ते इतिहासाच्या तासाला, आणि तेही मान खाली घालून. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेसाठी जेथे नेऊन ठेवले, आणि जेथे १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी देह ठेवला, ते हे गाव. एडन तेव्हा परमुलुख असला तरी मुंबई सरकारच्याच अमलाखाली होता. १८३९ च्या जानेवारीत मुंबईहून गेलेल्या फौजेने तो घेतला, आणि पुढे नव्वदांहून अधिक वर्षे तेथला कारभार मुंबईच्या दप्तरातून चालला. १९३७ साली एडन हिंदुस्थानपासून तोडून इंग्रजांनी त्याची निराळी वसाहत केली. विझलेल्या ज्वालामुखीच्या द्रोणात वसलेली जुनी वस्ती, भोवती काळे उघडे डोंगर, समोर खारा समुद्र. झाडाचे नाव नाही.

आज एडनची आठवण काढायची ती मात्र अगदीच निराळ्या कारणासाठी. साल १९६५. इंग्रजांची तेथली घटका भरत आली होती. १९६३ च्या डिसेंबरात विमानतळावर हातबाँब पडला, आणीबाणी पुकारली गेली, आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजी इंग्रजांनी तेथून आपले बिऱ्हाड कायमचे हलविले. या दोन तारखांच्या मधल्या अस्वस्थ काळात, त्या भट्टीसारख्या उन्हाच्या गावात, शाही हवाई दलातला एक अधिकारी आपल्या सहकाऱ्याची जुनी मोटार उघडून बसला होता. मोटार होती ऑस्टिन-हीली स्प्राइट, दोघांनाच बसता येईल अशी बिनछपराची छोटी गाडी. तो अधिकारी होता जॉन हेन्स, वय वर्षे सत्तावीस. त्या उघडलेल्या गाडीतून पुढे जे बाहेर पडले, त्याने जगातल्या लाखो गृहस्थांचे रविवार काळे केले. म्हणजे अक्षरशः काळे. वंगणाने, पार कोपरापर्यंत.

हा हेन्स तसा आपला शेजारीच म्हणायचा. त्याचा जन्म १९३८ चा, सिलोनमधल्या चहाच्या मळ्यावर. वडील तेथे व्यवस्थापक होते. बारा वर्षांचा झाल्यावर तो विलायतेस गेला आणि केंट परगण्यातल्या सटन व्हॅलेन्स नावाच्या निवासी शाळेत दाखल झाला. तेथला नियम असा की, दुपारी पोरांनी मैदानावर जाऊन रग्बी खेळायची. पावसात, चिखलात, एकमेकांच्या अंगावर पडायचे. या पोराला त्यात काडीची गोडी नव्हती. त्याने आपल्या वसतिगृहाच्या गुरुजींकडे जाऊन निराळीच परवानगी मागितली. रग्बीऐवजी त्या वेळात मी एक जुनी ऑस्टिन सेव्हन मोडून तिची स्पोर्ट्स गाडी बनवितो, चालेल का?

गुरुजी चालेल म्हणाले.

मी स्वतः शाळामास्तर आहे, म्हणून या ठिकाणी क्षणभर थांबतो. या गोष्टीत पुढे जॉन हेन्सचे नाव झाले, पैसा झाला, मानसन्मान झाले. पण सोळा वर्षांच्या पोराला शाळेच्या आवारात एक मोडकी मोटार आणू देणारा तो मास्तर मला काही कमी मोठा वाटत नाही. तेल सांडणार, बोटे चेचणार, इतर पोरे येऊन घोळका करणार, आणि काही झाले तर जाब मास्तरालाच द्यावा लागणार. “नाही” म्हणणे किती सोपे होते! आमच्या धंद्यात ते सर्वांत सोपे असते.

आता ही ऑस्टिन सेव्हन म्हणजे काय प्रकरण होते ते सांगायला हवे. आपल्याकडचे जुने लोक हिला “बेबी ऑस्टिन” म्हणत. १९२२ साली हर्बर्ट ऑस्टिन यांनी स्टॅन्ले एज नावाच्या अवघ्या अठरा वर्षांच्या नक्शेनवीस मुलाला हाताशी धरून, आपल्या घरच्या बिलियर्डच्या खोलीत हिचे आराखडे काढवून घेतले. पाऊण लिटरचेही नसलेले इंजिन, सायकलीसारखी बारीक चाके, आणि इंग्रजी ए अक्षरासारखी दोन दांड्यांची चासी. १९३९ पर्यंत अशा जवळजवळ तीन लाख गाड्या निघाल्या. युद्ध संपले तेव्हा त्यांचे सांगाडे विलायतेतल्या परसापरसांत पडले होते. अंगाचे लाकूड कुजलेले, पत्रा सडलेला. पण खालची चासी आणि इंजिन खणखणीत. नव्या गाड्या बाजारात दिसत नव्हत्या, कारण कर्जात बुडालेले सरकार गाड्या परदेशी पाठवून डॉलर मिळवीत होते. जी मिळे तिच्यावर जबर कर. पेट्रोलचे रेशनिंग १९५० च्या मे महिन्यापर्यंत चालू होते. मग मध्यम मिळकतीच्या तरुणाने करावे काय? त्याने चारदोन पौंडांत असा एक सांगाडा विकत घ्यावा, वरचे कुजके घर उतरवून टाकावे आणि त्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे हलके, बुटके अंग चढवावे. अशा गाडीला “स्पेशल” म्हणत. १९४८ साली कॉलिन चॅपमन या विद्यार्थ्याने आपल्या मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात असाच एक स्पेशल केला. पुढे ज्या लोटस गाड्यांनी शर्यतींचे जग जिंकले त्यांचे मूळ तेथे आहे.

हेन्सनेही आपली गाडी पुरी केली, चालविली आणि नफ्यात विकली. विकताना त्याला एक अनुभव आला. जाहिरात पाहून इतकी माणसे आली की, गाडी एक आणि गिऱ्हाईक पन्नास. येणारे विचारीत होते, “तू केलीस तरी कशी?” पोराच्या डोक्यात प्रकाश पडला. या लोकांना गाडीपेक्षा “कशी” हवे आहे! त्याने ती सगळी कृती लिहून काढली, आकृत्या काढल्या, शाळेच्या चक्रमुद्रण यंत्रावर पाने काढली आणि १९५६ साली पुस्तिका विक्रीला ठेवली. दहा दिवसांत अडीचशे प्रती संपल्या. शाळकरी पोराच्या वहीला असे भाग्य! मराठीत अडीचशे प्रती खपायला कादंबरीला किती दिवस लागतात, याचा हिशोब दिवाळीच्या दिवशी नको.

येथे थोडे मागे जाऊन मोटारीच्या विद्येचा मामला पाहू. मोटार ही वस्तू जन्मली तीच मुळी चाकराच्या हातात. “शोफर” हा शब्द मूळ फ्रेंच. त्याचा अर्थ तापविणारा. गाडी सुरू करण्याआधी तिचा तापवायचा भाग तापवून ठेवणे हे त्याचे काम. धनी मागे बसणार, विद्या पुढे बसलेल्या माणसाजवळ राहणार. पुढे गाड्या स्वस्त झाल्या, शोफर गेला, पण ती विद्या काही धन्याकडे आली नाही. ती गॅरेजात जाऊन बसली. कारखाने दुरुस्तीचे ग्रंथ छापीत, नाही असे नाही. पण ते लिहिलेले असत कारखान्याने शिकवून तयार केलेल्या कारागिरासाठी. “यानंतर अमुक नंबरचे हत्यार लावून हा भाग काढावा” असे त्यात लिहिलेले असे, आणि ते हत्यार कंपनीच्या दुकानाखेरीज कोठे मिळत नसे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या अशा खास हत्यारांचे नंबर “१८ जी”ने सुरू होत. घरी बसलेल्या माणसाला तो आकडा दिसला की समजावे, येथे आपला रस्ता संपला. शिवाय त्या ग्रंथात अर्ध्या गोष्टी सांगितलेल्याच नसत. कारागिराला त्या ठाऊकच असणार, मग कागद कशाला खर्चायचा?

पान्यांचीही अशीच तऱ्हा. जोसेफ व्हिट्वर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे माप ठरवून दिले, आणि शंभर वर्षे विलायतेतले सारे नट-बोल्ट त्यांच्या धर्माने चालले. गंमत अशी की, व्हिट्वर्थच्या पान्यावर जो आकडा असतो तो नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा. नवखा माणूस पाव इंचाचा पाना म्हणून उचलतो आणि तो चांगला अर्ध्या इंचाच्या नटाला बसतो! युद्धात अमेरिकन आणि इंग्रजी यंत्रांचे नट एकमेकांना लागेनात, तेव्हा १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून एक माप ठरविले. स्प्राइट ही त्या नव्या पिढीतली. तरीही तिच्या कार्ब्युरेटरवर आणि विजेच्या जोडण्यांत जुन्या मापांचे स्क्रू राहूनच गेले. तेव्हा पान्यांचे दोन संसार सांभाळावे लागत.

आता स्वतः बाईसाहेब. २० मे १९५८ रोजी मोंटे कार्लो येथे ही स्प्राइट जगापुढे आली. कल्पना डोनाल्ड हीली यांची. सायकल ठेवायच्या पडवीत मावेल आणि तरुणाच्या खिशाला झेपेल अशी स्पोर्ट्स गाडी त्यांना करायची होती. मग काटकसर ती केवढी! इंजिन ऑस्टिन ए-३५ या घरगुती गाडीचे, ९४८ सीसीचे, फक्त एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवून ४३ अश्वशक्तीपर्यंत चढविलेले. पुढची चाके धरणारे सांधेही तिचेच. सुकाणू मॉरिस मायनरकडून आणलेले. दाराला बाहेरून मूठ नाही; बाजूच्या पडद्यातून हात आत घालून दार उघडायचे. काचा वरखाली होत नाहीत, कारण दारात काचाच नाहीत. मागे डिकी आहे पण तिला झाकण नाही. सामान ठेवायचे तर आसनाची पाठ पुढे पाडून, त्या बोगद्यात डोके घालून सामान आत लोटायचे. जादा चाकही आतच. भर पावसात पंक्चर झाले तर मालकाचे फक्त पाय बाहेर दिसत.

आणि ते डोळे! मूळ बेत असा होता की, दिवसा दिवे आकाशाकडे तोंड करून निजावेत आणि रात्री उठून उभे राहावेत. पण त्या उठाबशीच्या यंत्राला पैसे पडतात असे दिसले, आणि दिवे कायमचे उभेच ठेवले गेले. बॉनेटवर मधोमध दोन वटारलेले गोळे, खाली हसऱ्या तोंडासारखी जाळी. इंग्रजांनी तिला बेडूकडोळी म्हटले, अमेरिकनांनी किडेडोळी. पैसे वाचविण्याच्या नादात एक चेहरा जन्माला आला, आणि त्या चेहऱ्यावर लोक आजतागायत भाळतात. १९६१ पर्यंत ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यात अशा सुमारे एकोणपन्नास हजार गाड्या झाल्या. वेग ताशी ऐंशी मैलांच्या किंचित वर. पण बूड रस्त्यापासून वीतभर उंचीवर असल्यामुळे चाळीसलाही माणसाला आपण उडतो आहोत असे वाटे.

या गाडीची एक खूबी घरगुती मिस्त्र्याच्या फार उपयोगी पडली. तिचे बॉनेट म्हणजे नुसते झाकण नव्हे. दोन्ही मडगार्ड, दिवे, जाळी असे सगळे तोंडच मागच्या बिजागरीवर एका तुकड्यात वर उठते. मगरीने जबडा उघडावा तसे. जबडा जड आहे, आणि टेकण सुटले तर खाली वाकलेल्याची कंबर मोडेल, हे खरे. पण एकदा तो उघडला की इंजिन, दोन्ही पुढची चाके, सुकाणू, सारे उघड्या ताटासारखे समोर.

एडनच्या त्या उन्हात हेन्स आणि त्याचा सहकारी या ताटावर बसले. सहकाऱ्याने घेतलेली स्प्राइट बरीच दमलेली होती. कंपनीचा ग्रंथ आणला, तर त्याची भाषा वर सांगितली तशी. हेन्सच्या हाती ऑस्टिन सेव्हनचा अनुभव होता, आणि शाळेतला तो धडा तो विसरलेला नव्हता. त्याने एक कॅमेरा विकत घेतला. गाडीचा एकेक भाग उतरवायचा, उतरविताना फोटो घ्यायचा. परत चढवायचा, चढविताना फोटो घ्यायचा. फोटोंच्या ओळीला ओळ लावून खाली साध्या भाषेत लिहायचे की, आता हा नट, मग तो, येथे पाना वळत नाही म्हणून असा धरा. १९६६ साली हे पुस्तक छापून निघाले. पहिल्या तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. पुढच्याच वर्षी हवाई दलाला रामराम ठोकून हेन्स पूर्ण वेळ याच उद्योगाला लागला.

वरवर पाहता यात नवे ते काय? घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांसाठी मासिके त्याआधीही निघत. पन्नाशीच्या दशकात “प्रॅक्टिकल मोटरिस्ट” चालविणारे एफ. जे. कॅम हे हरिकेन विमानाचे जनक सिडनी कॅम यांचे भाऊ; घराण्यातच हात चालता. पण त्या सर्वांहून हेन्सच्या पोथीत एक वेगळेपण होते. लिहिणाऱ्याने ते काम स्वतः, सामान्य हत्यारांनी, सामान्य जागेत करून पाहिलेले होते. पुढे कंपनी वाढली, तेव्हाही हा नेम ठेवला गेला: पुस्तक लिहायचे तर आधी एक गाडी आणायची, ती उघडायची, जोडायची, आणि मगच लेखणी उचलायची. खास हत्याराची गरज लागली तर लाकडाचा ठोकळा, पाइपचा तुकडा, असा काही पर्याय शोधायचा. पाककृतीचे पुस्तक लिहिणाऱ्या बाईने पुरणपोळी स्वतः लाटून पाहिली आहे की नाही, हे वाचणाऱ्या बाईला पहिल्या चार ओळींत कळते. तसेच हे.

मग रविवारी सकाळी घरोघर काय चाले ते सांगतो, कारण या विषयातला खरा रस तेथे आहे.

काही हजार मैल झाले की इंजिनाच्या पोटात काजळी धरते, व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत आणि गाडी चढावर धापा टाकते. मग हेड उघडायचे. पाणी सोडून द्यायचे, कार्ब्युरेटर उतरवायचे, वरचे नट ठराविक क्रमाने थोडेथोडे सैल करीत जायचे. एकदम एकच नट सोडला तर हेड वाकडे होते. हेड निघाले की काजळी बोथट पात्याने खरवडायची. मग आठ व्हॉल्व्ह एकेक करून आपापल्या बैठकीवर घासायचे. बैठकीला खरखरीत लेप लावायचा, रबरी वाटी असलेली लाकडी दांडी व्हॉल्व्हच्या डोक्याला चिकटवायची आणि ती दोन तळव्यांत धरून फिरवायची, थेट रवीने ताक घुसळावे तशी. दोन वेढे इकडे, दोन तिकडे. मध्येच उचलून थोडी जागा बदलायची. लोणी येत नाही, पण बैठकीवर एक अखंड करडी कड उमटते. ती उमटली की समजावे, साधले. आठातला कोणता व्हॉल्व्ह कोठला ते विसरायचे नाही, म्हणून पुठ्ठ्याला भोके पाडून त्यांत ते ओळीने खोचून ठेवायचे. शेवटी जोडल्यावर रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात इंचाच्या हजार भागांपैकी बारा भाग एवढी फट ठेवायची. या फटीत पातळ पट्टी सरकवून पाहायची; ती अडकावी पण अडू नये. हा शेवटचा शब्दभेद पुस्तकात लिहून समजत नाही. तो बोटांनाच समजतो.

कार्ब्युरेटरची कथा आणखी सुरस. हे एस. यू. जातीचे, नावाचा अर्थ स्किनर्स युनियन. स्किनर मंडळींचा पिढीजात व्यवसाय चपला-बुटांचा. तेव्हा त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ब्युरेटर काढला तो चामड्याचा भाता लावून! लोहाराचा भाता वारा देतो, हा वारा घेऊन हलत असे. पुढे भात्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. इंजिनाने श्वास ओढला की दट्ट्या वर उचलला जातो. त्याच्या टोकाची निमुळती सुई तोटीतून वर सरकते, आणि जेवढी हवा तेवढेच पेट्रोल सुटते. दट्ट्याने उगाच थरथरू नये म्हणून त्याच्या डोक्यावरच्या नळीत थोडे पातळ तेल घालावे लागते. स्प्राइटला असे दोन कार्ब्युरेटर. दोघांनी सारखाच श्वास घेतला पाहिजे. ते कसे ओळखायचे? रबरी नळीचे एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे, दुसरे आपल्या कानाशी. सूं असा आवाज येतो. मग दुसऱ्याचा ऐकायचा. दोन्ही सूर जुळेपर्यंत स्क्रू फिरवायचा. तंबोरा लावणाऱ्याला हे काम फार तर पाच मिनिटांचे. ज्याला सुराचा कान नाही, त्याने शेजाऱ्याला बोलवावे.

आणि ग्रीस! पुढच्या चाकांच्या किंगपिनांत आणि खालच्या सांध्यांत दर हजार मैलांनी ग्रीस भरावे लागे. हे काम कंटाळवाणे, गाडीखाली उताणे पडून करायचे, आणि केलेले कोणाला दिसत नाही. म्हणून नेमके हेच टाळले जाई. ग्रीस मिळाले नाही की पिना झिजत किंवा जागच्या जागी धरून बसत, आणि दहा मिनिटांच्या कामाचे दोन दिवसांचे काम होई.

गॅरेजवाल्यांना या पुस्तकांचा राग आला असेल तर त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. पोटावर पाय येत होता म्हणून नव्हे. ब्रेक ही काही हौसेची बाब नाही. नळीतली हवा नीट काढली नाही, तर पायाखाली पायडल खाली जाते आणि पुढे लहान मूल रस्ता ओलांडीत असते. पुस्तकात ते बजावून लिहिलेले असते. पण बजावलेले वाचतो कोण? दुसऱ्या बाजूने पाहिले तर ज्याच्याजवळ पैसे नाहीत तो दुरुस्तीच करीत नाही, आणि तशीच गाडी रस्त्यावर आणतो. या दोहोंत अधिक वाईट कोणते? मला विचाराल तर दुसरे. निदान पहिल्याने चाक तरी उतरवून पाहिलेले असते.

विलायत सरकारनेही यात लक्ष घातले. १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांची दरसाल तपासणी सुरू झाली. आरंभी फक्त ब्रेक, दिवे आणि सुकाणू. मर्यादा खाली येत येत १९६७ साली तीन वर्षांवर आली आणि पुढे तपासायची यादीही वाढली. यंत्र बिघडले तर पुस्तक होते. पण या गाड्यांचा खरा काळ निराळाच होता, तो म्हणजे गंज.

जुन्या गाड्यांना खाली जाड चासी असे, वरचे अंग सडले तरी ती टिके. स्प्राइटला तशी चासी नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून अंग हाच सांगाडा केलेला. वजन वाचले, पैसा वाचला. पण मागच्या चाकांचे पाटे अर्धेच. त्यांचे एक टोक चाकाच्या आसाशी आणि दुसरे आसनांमागे, जमिनीखालच्या पत्र्याच्या पेटीत बोल्टांनी आवळलेले. गाडीच्या मागच्या अंगाचा सारा भार त्या पेटीवर. विलायतेत हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी उडून या पेटीत शिरते आणि बाहेर यायला वाट नाही. दाराखालच्या पोकळ पट्ट्यांतही तेच. वरून रंग चकचकीत, आतून पापड! मग एके दिवशी खड्ड्यात चाक आदळते आणि पाट्याचे टोक जमीन फाडून वर येते. असल्या गाड्या विकताना भोकांत वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून, वर लेप चोपडून रंग दिलेला असे. घेणारा तरुण, पहिल्या पगाराचा, बेडकाच्या डोळ्यांकडे पाहून भाळलेला. अशा किती गाड्या भंगारात गेल्या याची गणती नाही. त्यांचे बॉनेट तेवढे काढून कोणीतरी ठेवी.

येथे पुस्तकाची धाव संपे. नट सोडायला शिकविता येते, फोटोत पाहून वेल्डिंग शिकता येत नाही. तरी लोक शिकले. सत्तर-ऐंशीच्या सुमारास घरगुती विजेवर चालणारी छोटी वेल्डिंग यंत्रे परवडू लागली, संध्याकाळच्या वर्गांतून शिक्षक भेटले, आणि जाळपोळ करीत, पत्र्याला भोके पाडीत माणसे ठिगळ लावू लागली. १९८८ साली तर नवल झाले. स्प्राइटची थोरली बहीण एमजीबी. तिचा कारखाना १९८० सालीच बंद पडलेला. पण तिचे पत्रे दाबायचे जुने साचे शोधून काढून, एका संस्थेने तिचे कोरे अंग नव्याने विकायला काढले. म्हणजे जुन्या गाडीचा जीव नव्या देहात घालायचा. आपल्या पुराणांना यात नवे काही नाही.

आपल्याकडे ही कला अशी पुस्तकात फारशी उतरली नाही. इंजिने तीच होती. १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीत जे १४८९ सीसीचे इंजिन होते, त्याच घराण्यातले इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये आले, आणि ही ॲम्बॅसडर उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत राहिली. पण आपली विद्या उस्तादाकडे. पोऱ्या आधी चहा आणणार, मग चिंध्या धुणार, मग “तेरा-चौदाचा पाना दे” म्हटल्यावर न पाहता हातात देणार. दहा वर्षांनी तोच उस्ताद. न लिहिताही ही विद्या टिकली, आणि हलाखीच्या दिवसांत तिने मोडक्या भागांतून गाड्या चालत्या ठेवल्या. फक्त ज्याची गाडी असे, तो सावलीत खुर्चीवर बसून पाहत असे. हात काळे करून घेणे हे आपल्या पांढरपेशा घरांत कमीपणाचे. मुलगा इंजिनियर झाला तर पेढे, पण त्याच मुलाच्या नखांत ग्रीस दिसले तर आई म्हणणार, “हे काय रे?”

हेन्सच्या कंपनीने सॉमरसेटमधल्या स्पार्कफर्ड या खेड्यात बस्तान बसविले, आणि वीस कोटींहून अधिक पुस्तके विकली. पुस्तकांतल्या कामांना एक ते पाच पान्यांची चिन्हे असत. एक पाना म्हणजे नवख्याने करावे, पाच म्हणजे नाद सोडावा. एका वाक्यावर तर इंग्रजांनी पिढ्यान् पिढ्या विनोद केले. भाग उतरवायची कृती पानभर सांगून झाली की शेवटी लिहिलेले असे, चढविताना हेच सारे उलट क्रमाने करावे. बस्स, एवढेच! सर्व जोडून झाल्यावर उरलेल्या दोन चाकी आणि एक स्प्रिंग हातात घेऊन बसलेल्या गृहस्थाला ते वाक्य कसे वाटत असेल?

जॉन हेन्स २०१९ च्या फेब्रुवारीत वारले. पुढच्याच वर्षी कंपनी एका फ्रेंच उद्योगसमूहाने घेतली, आणि नव्या निघणाऱ्या गाड्यांसाठी कागदी पुस्तके काढणे थांबविल्याचे जाहीर झाले. नव्या गाडीचे बॉनेट उघडले तर वर प्लास्टिकचे झाकण दिसते आणि खाली संगणक. रबरी नळी कानाला लावून तेथे काहीच ऐकू येत नाही. जुन्या गाड्यांची जुनी पुस्तके मात्र छापली जातात, आणि त्यांची पाने अजूनही अंगठ्याच्या काळ्या ठशांनी भरतात.

२०१८ च्या मे महिन्यापासून विलायतेत चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना, त्यांच्यात मोठे फेरफार केलेले नसतील तर, दरसालच्या सरकारी तपासणीतून सूट मिळाली. सगळ्या स्प्राइट आता त्या वयाच्या पलीकडे आहेत. गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने मालकाचीच. म्हणून तो एखाद्या रविवारी तिला टेकणांवर चढवितो, बॅटरी घेऊन खाली सरपटत जातो, आणि आसनांमागच्या त्या पेटीला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहतो. आवाज टणक आला तर पुढची पेटी. बद्द आला तर बाहेर येऊन हात पुसतो आणि फळीवरची पोथी खाली काढतो.